दोन गुडघ्यांवर एक अंगठा

५ मार्च, बुधवार

धाकटे, ही वही तुझ्या थोरल्या बहिणीकडून आली आहे, हे सगळ्यात आधी लिहून घेतलंय. नाहीतर तू दारात उभी राहून पोस्टमनलाच विचारशील, ही बाई कोण? माझ्या मुलाच्या लग्नात तू नवरीशेजारी जाऊन बसलीस आणि तिलाच विचारलंस, "तू कुणाकडची गं?" तेव्हा तर तुझे केससुद्धा काळे होते. परवा फोनवर घसा कोरडा पडेपर्यंत सगळं सांगितलं, आणि शेवटी तू म्हणालीस, "बरं ताई, मग ऑपरेशन कधी आहे?" तिथेच ठरवलं. आता रोजचं लिहून ठेवायचं आणि सगळं पार पडलं की एकदम तुझ्या माथी मारायचं.

लिहायचं म्हणजे मी बोलायचं. अक्षरं माझ्या वाट्याला आलीच नाहीत. तुला शाळेच्या फाटकाशी सोडायची आणि परत फिरायचं, एवढीच माझी शाळा. लिहितोय तो वरच्या मजल्यावरचा टायपिस्ट. कोर्टातून रिटायर झालेला, एकटा जीव. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते आणि वहीत अरे-तुरे. लिहिणारा तोच असल्यामुळे चेहरा बघण्यासारखा होतो.

तर ऐक. ऑपरेशन झालं. छान झालं. चुकीच्या गुडघ्याचं झालं.

दुखत होता उजवा. दुर्बीण आत घालून साफ करायचा होता, दोन भोकांचं काम. या हॉस्पिटलात अशी पद्धत आहे की जो अवयव कापायचा त्यावर पेशंटने स्वतः सही करायची, म्हणजे घोटाळा नको. मला सही कुठली? नर्सने अंगठ्याला शाई लावली आणि मी उजव्या गुडघ्यावर ठसा उमटवला. सुंदर उमटला. मग मला बसवून ठेवलं. बसल्या बसल्या डाव्या गुडघ्याला खाज सुटली. मी खाजवलं. अंगठा ओलाच होता.

आत नेलं तेव्हा दोन गुडघ्यांवर दोन ठसे. सर्जन म्हणाला, जो ठळक तो खरा. डावा ठळक होता. खाजवताना मी कधी हात आखडता घेत नाही.

६ मार्च, गुरुवार

डावा गुडघा आता असा झालाय की विचारू नकोस. सोळा वर्षांच्या पोरीचा. उजवा होता तसाच आहे. डावा पुढे पळतो, उजवा मागे कण्हतो, त्यामुळे मी सरळ चालायला गेले की हळूहळू गोल फिरते. सकाळी स्वयंपाकघरात निघाले होते, पोचले न्हाणीघरात.

मुलगा संध्याकाळी आला आणि जो आवाज चढवला! "आई, आपण केस करायची. निष्काळजीपणा आहे हा सरळ सरळ." मी म्हटलं, अरे, पण खाजवलं मी. तर म्हणतो, "तू शुद्धीवर नसताना कापलं ना?" बापासारखाच आहे. रागावला की कान आधी लाल होतात.

टायपिस्ट आज नवीन शर्ट घालून आला. (लेखनिकाची टीप: शर्ट जुना आहे.)

९ मार्च, रविवार

आज हसायला आलं नाही, तेही लिहून ठेवते.

टाके बघायला हवालदारीण आली. ही तीच नर्स, जिने माझ्या अंगठ्याला शाई लावली होती. वॉर्डात तिला सगळे हवालदारीण म्हणतात, कारण ती डॉक्टरांनासुद्धा हात धुवायला परत पाठवते. मी म्हटलं, "अगं, रविवारी कशी आलीस? ड्यूटी नाही?"

"ड्यूटीच नाही, आजी. काढलं मला."

"काढलं म्हणजे?"

"कामावरून. ऑपरेशन थिएटरमध्ये आवाज चढवला म्हणून."

मग तिने पट्टी सोडता सोडता सांगितलं. दोन ठसे दिसल्याबरोबर ती म्हणाली होती, डॉक्टर, थांबा, एक्सरे बघू. सर्जनला पुढे दुसरीकडे एक ऑपरेशन होतं. तो म्हणाला, ठळक तो खरा. ती पुन्हा म्हणाली, थांबा. तिसऱ्यांदा ओरडली. तोवर भोक पडलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या मुलाला खरं काय ते सांगून टाकलं. त्यानंतर तिच्या हातात पत्र: बेशिस्त वर्तन. आता बडतर्फीवर ट्रस्टने शिक्का मारला की दुसरं कुठलं हॉस्पिटल तिला दारात उभं करणार नाही.

"मी दुसरं काही करू शकत नाही, आजी," ती म्हणाली. "मला इंजेक्शन द्यायला आवडतं." असं म्हणणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरले आणि तिने माझी पट्टी इतकी घट्ट बांधली की माझेही भरले.

ती गेली. टायपिस्ट लेखणी धरून बसून राहिला. शेवटी म्हणाला, "काय लिहू?" मी म्हटलं, काही नको. तरी तो गेला नाही. पंख्याला वंगण हवंय म्हणून पंख्याकडे बघत बसला. बंद होता पंखा.

१० मार्च, सोमवार

नात आली. तीच गं, वकील झालेली. नवा काळा कोट आहे, त्याचं लेबल अजून काढलेलं नाही. मी सांगितलं, तर म्हणाली, राहू दे आजी, परत करायला लागला तर? धंद्यावर असा विश्वास हवा.

तिला सगळं ऐकवलं. ती खुर्चीतून उठली आणि टाळ्या पिटायला लागली. "आजी, तू म्हणजे चालतं-बोलतं लॉ कॉलेज आहेस!"

"चालतं म्हणू नकोस, गोल फिरतं म्हण."

मग तिने समजावलं. तुझ्यासाठी थोडक्यात सांगते, तू निम्म्यात झोपतेस.

एक. गुडघ्याचं. आता नवीन नियम असा की पेशंटची चूक दाखवून डॉक्टरला सुटता येत नाही. शंका आली की थांबायचं, ही आतल्या सगळ्यांची जबाबदारी. मी चार ठसे उमटवले असते तरी.

दोन. नर्सचं. गेल्या महिन्यात वरच्या कोर्टाने निकाल दिलाय की पेशंटचा जीव वाचावा म्हणून जो ओरडतो त्याला बेशिस्त म्हणून काढता येत नाही. काढायचंच असेल तर आधी मालकाने समोर बसवून तिचं ऐकायचं.

"मालक कोण?" मी विचारलं.

"ट्रस्ट."

"म्हणजे मीच की गं!"

हे तू नक्की विसरली असशील. हॉस्पिटल बांधलं तेव्हा तुझे भावोजी तिथले मुख्य गवंडी होते. ज्या डॉक्टरीणबाईंनी ते उभं केलं त्यांनी ट्रस्टच्या कागदात घालून ठेवलं की ज्यांनी या भिंती बांधल्या त्यांच्या घरचं एक माणूस कायम ट्रस्टी राहील. आधी हे होते, मग मी. मीटिंगला जाते, चहा पिते, अंगठा देते. लोक सह्या करतात आणि विसरतात. माझा अंगठा दोन दिवस निळा राहतो, म्हणून मला निदान आठवतं.

नात म्हणाली, "आता बघ. दावा लावलास तर तू ट्रस्टवर लावणार. ट्रस्टी तू. म्हणजे तूच तुझ्यावर."

"मग मी हरणार की जिंकणार?"

"दोन्ही."

आम्ही दोघी इतक्या हसलो की मुलगा आतून धावत आला. टायपिस्टला मी विचारलं, "अहो, तुमच्या कोर्टात असं कधी झालं होतं का?" तर म्हणतो, "मला काय माहीत? शब्द कानातून बोटांत जायचे, मधे डोक्यात थांबत नव्हते. निकाल कुणाच्या बाजूने लागला ते मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळायचं."

१३ मार्च, गुरुवार

छत्रीवाले आले होते. ट्रस्टचे अध्यक्ष. छत्र्यांचा कारखाना आहे म्हणून सगळे छत्रीवाले म्हणतात, आणि कुणाकडे गेले की छत्री भेट देतात. बाहेर कडक ऊन. मला लाल छत्री दिली.

"बाई, तुमचा उजवा गुडघा आपण सन्मानाने करून देऊ. खोली वेगळी, पाहुण्यांना पलंग. तुम्ही फक्त मंगळवारच्या, त्या नर्सच्या बडतर्फीच्या मीटिंगला यायची तसदी घेऊ नका."

"का? चहा बंद केलात?"

"तसं नाही. नवा नियम आहे. ज्याचा त्या विषयात स्वतःचा संबंध आहे, अशा ट्रस्टीला मत देता येत नाही. खोलीतही बसता येत नाही. गुडघा तुमचा, म्हणजे संबंध आलाच."

मी नातीला फोन लावला. ती म्हणाली, खरं आहे गं आजी.

आता तू बोटं मोज. आम्ही पाच जण. छत्रीवाले आणि औषधवाला एका बाजूला, कारण हॉस्पिटलातलं औषधाचं दुकान छत्रीवाल्यांनीच त्याला दिलंय. मी आणि मुख्याध्यापिकाबाई दुसऱ्या बाजूला. उरले झोपाळूदादा. ते मीटिंगभर झोपतात आणि शेवटी शेजारच्या दोघांपैकी, माझं किंवा औषधवाल्याचं, ज्याचं कोपर आधी लागेल त्या बाजूला हात वर करतात. मी बाहेर, म्हणजे हवालदारीण कायमची बाहेर.

छत्रीवाले गेल्यावर मी ती छत्री घरात उघडली आणि परत बंद केली.

१५ मार्च, शनिवार

मन खात होतं. वाटलं, मीच खाजवलं नसतं तर? एवढ्याशा खाजेपायी एका पोरीच्या पोटावर पाय यावा? नातीला मी असं म्हटलं तर ती रागावली. म्हणाली, "आजी, माणसाला खाज येणारच, म्हणून तर एक्सरे काढतात."

शिवाय भीती अशी की छत्रीवाल्यांशी वाकडं घेतलं तर उजवा गुडघा कोण करणार? गावभर गोल फिरत मरायचं का?

टायपिस्ट म्हणाला, "मी धरून नेत जाईन की." कुठे, ते नाही म्हणाला. पूर्वी मला वहिनी म्हणायचा, हल्ली तेही सोडलंय. नुसतं "अहो" म्हणतो. वय झालं, नातं विसरला असेल. तुझ्यासारखंच.

१६ मार्च, रविवार

दात घासताना सुचलं! तोंडात फेस तसाच, नातीला फोन.

"तो नियम फक्त गुडघ्याला लागू आहे का जावयालाही?"

"काय बोलतेस, आधी थुंक."

थुंकले. "अगं, सर्जन छत्रीवाल्यांचा जावई आहे. मी लग्नाला गेले होते. सगळ्या पाहुण्यांना छत्र्या वाटल्या होत्या!"

पलीकडून धप्प आवाज. नातीने आनंदाने कायद्याचं पुस्तक पाडलं होतं, पायावर.

१८ मार्च, मंगळवार

आज टायपिस्टचा हात दुखेपर्यंत सांगणार आहे. तो म्हणतो, दुखू दे.

मीटिंगची खोली तुला माहीत नाही, म्हणजे माहीत असली तरी नाही. लांब टेबल, भिंतीवर डॉक्टरीणबाईंचा फोटो, खिडकी अर्धीच उघडते. तुझ्या भावोजींनीच बसवली होती ती, त्यांना सांगून सांगून थकले. हवालदारीण कोपऱ्यातल्या खुर्चीवर, इस्त्रीचे कपडे, हात मांडीवर. नात तिच्या शेजारी, कोटाचं लेबल आत खोचलेलं.

छत्रीवाले उभे राहिले. "सुरुवात करण्याआधी, आमच्या आदरणीय बाईंचा या विषयात वैयक्तिक संबंध असल्याने त्यांनी बाहेर बसावं अशी नम्र विनंती."

मी उठले. काठी घेतली. दारापर्यंत गेले, म्हणजे जाऊ पाहिलं. डाव्या गुडघ्याने मला टेबलाला एक फेरी घालायला लावली. फेरी संपली ती नेमकी छत्रीवाल्यांच्या खुर्चीपाशी.

"चला," मी म्हटलं.

"कुठे?"

"बाहेर. गुडघा माझा, जावई तुमचा. एकाच बाकावर बसू."

धाकटे, औषधवाल्याच्या तोंडातली गोळी खाली पडलेली ऐकू आली. छत्रीवाल्यांनी नातीकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, लेबल पुन्हा बाहेर आलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "नियम सगळ्यांना सारखा. बाहेर जाताना दार ओढून घ्या." चाळीस वर्षं वर्गातून पोरं बाहेर काढलेली बाई. छत्रीवाले उठलेच.

मग नातीने आत काय केलं ते तिच्याच तोंडून नंतर ऐकलं. तिने एवढंच सांगितलं की नव्या कायद्याप्रमाणे ट्रस्टींनी कायदा माहीत असून चुकीची बडतर्फी केली, तर भरपाई ट्रस्टच्या नाही, प्रत्येक ट्रस्टीच्या स्वतःच्या खिशातून जाते. झोपाळूदादा टक्क जागे झाले. म्हणाले, "कुणाच्या खिशातून?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मीटिंगमध्ये प्रश्न विचारला. मग म्हणाले, "या पोरीचं मला नीट ऐकायचंय. पहिल्यापासून." आणि हवालदारणीने पहिल्यापासून सांगितलं.

आम्ही दोघं बाहेर बाकावर. मधे माझी काठी.

छत्रीवाले आधी फुगून बसले होते. मग हळूच म्हणाले, "बाई, मुलीला काय तोंड दाखवू? नवऱ्याला वाचवलं नाही म्हणेल."

"सांगा, वडिलांना मत द्यायलाच मिळालं नाही. सुटलात की तुम्ही! मी तर तुमची सुटका केली."

त्यांनी विचार केला. पटला तो विचार त्यांना. जरा वेळाने म्हणाले, "खरं सांगा. खरंच नुसतं खाजवलंत?"

"मग? खाज सुटली तर काय अध्यक्षांची मंजुरी घेऊ?"

"नाही, म्हणजे, ठराव..." असं म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच हसू फुटलं. "ठराव क्रमांक एक, डावा गुडघा." "अनुमोदन," मी म्हटलं. मग आम्हाला आवरेना. छत्रीवाले रुमाल तोंडात कोंबतायत, मी काठीवर डोकं टेकून हलतेय. दार उघडून मुख्याध्यापिकाबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हा दोघांना आणखी लांब बसवू का?"

त्याच दारातून मला हवालदारणीचा आवाज ऐकू आला. जोरात नव्हता. "मी तीनदा थांबा म्हणाले," एवढंच ऐकू आलं. छत्रीवाल्यांनीही ऐकलं. त्यांनी रुमाल खिशात ठेवला आणि मग आम्ही दोघं नीट बसून राहिलो.

निकाल: तिघांचे तिन्ही हात वर. औषधवाल्याचा सगळ्यात उंच. हवालदारीण उद्यापासून कामावर, मधल्या दिवसांच्या पगारासकट.

ती बाहेर आली. वाकली आणि माझ्या डाव्या गुडघ्यावरची पट्टी तपासली. म्हणाली, "ही कुणी बांधली? सैल आहे."

फाटकाबाहेर टायपिस्ट उभा होता, माझी लाल छत्री धरून, उन्हात. सकाळपासून तिथेच होता म्हणे. छत्री उघडलीच नव्हती. मी विचारलं, "का हो?" तर म्हणाला, "तुमची आहे. तुमच्याशिवाय कशी उघडणार?" कोर्टात काम केलेली माणसं फार नियमाने वागतात.

१९ मार्च, बुधवार

मुलाने दाव्याचा विषय परत काढला. मी माझं म्हणणं नातीकडून ट्रस्टला कळवलं: पैसे नकोत. एक नियम हवा. ऑपरेशन थिएटरमधल्या कुणीही, लादी पुसणाऱ्यानेसुद्धा, "थांबा" म्हटलं की सुरी थांबली पाहिजे, आणि थांबा म्हणणाऱ्याला कुणी जाब विचारायचा नाही. संध्याकाळपर्यंत मान्य केलं. झोपाळूदादांनी स्वतः फोन करून सांगितलं. ते हल्ली झोपतच नाहीत म्हणे, त्यांची बायको वैतागलीय.

मुलगा पुटपुटला, "मोफत सोडलंस सगळं." त्याचे कान बघितले. लाल नव्हते.

२१ मार्च, शुक्रवार

सोमवारी उजवा गुडघा. आता हे तरी लक्षात ठेव: उजवा.

करणार तोच सर्जन. मुलगा म्हणाला, आई, वेड लागलं का? मी म्हटलं, अरे, माझा कुठला गुडघा दुखतो हे आज जगात त्याच्याइतकं कुणाला पाठ नाही. काल तो स्वतः भेटायला आला. खुर्चीच्या टोकावर बसला होता, मान खाली. म्हणाला, "आजी, चुकलो." मी म्हटलं, "तिला म्हटलंस का?" म्हणाला, "आधी तिलाच." मग बरं.

थिएटरमध्ये हवालदारीण असणार. शाई लावल्यावर माझ्या हातात मोजा चढवणार आहे, कोपरापर्यंत.

टायपिस्टला रक्त बघून चक्कर येते. तरी म्हणतो, पाहुण्यांच्या पलंगावर मी राहतो, मुलाला ऑफिस असतं. मी म्हटलं, तुम्हाला काय करायचंय तिथे? तर म्हणतो, वही आहे ना. वही तर आजच तुला पाठवतेय, हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "दुसरी आणलीय." कोरी, जाड. केवढी जाड, एका गुडघ्याला पुरून उरेल. याला काय म्हणायचं ते तुला कळलं तर कळव. तुला नाही कळणार.

आता कामाचं. सोमवारी संध्याकाळपर्यंत पोचेल असा अक्रोडांचा केक पाठव. एवढा मोठा कर की मला एकटीला संपणार नाही. पेशंटकडून काही घ्यायचं नाही असा हवालदारणीचा नियम आहे, पण पेशंटचं उरलेलं वाया घालवायचं नाही असाही एखादा असेलच, नसेल तर मी मीटिंगमध्ये करून घेईन. साखर बेताची, वर काही लावू नकोस. आणि अक्रोड कुटू नकोस गं, हाताने नुसते मोडून घाल, चांगले जाड. हवालदारणीचे दात मजबूत आहेत. आणि टायपिस्ट फार सावकाश चावतो, तेवढाच जास्त वेळ बसेल.